आईला धाप लागली की नेमकं कसं बसवायचं? मदत हवी आहे

गुहागरजवळच्या वाडीत राहतो. आई ६८ वर्षांची. चाळीसेक वर्षं चुलीच्या धुरात गेली. विडीला कधी शिवली नाही, तरी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) निघालं. श्वासाने घ्यायच्या औषधाचा पंप नियमित चालू आहे, डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात तपासलंय. माझा प्रश्न धाप लागते त्या दहा मिनिटांचा आहे.

घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या टोकाला. देवळातून परत येताना पडवी गाठेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. आम्ही भोवती जमतो, कोणी पाठ चोळतं, कोणी "मोठा श्वास घे" म्हणतं, आणि ती आणखीच घाबरते. इस्पितळात फुंकर मारायला शिकवलं होतं, पण ती फुंकणीने चूल पेटवल्यासारखा जोर लावते आणि खोकत सुटते. वीज गेली की अजून हाल. पाऊस तोंडावर आलाय. कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद : दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांना हेच शिकवते. आधी "मोठा श्वास घे" बंद करा. या आजारात हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छाती भरलेलीच असते. त्यात आणखी कुठे मावणार? "सोड, सावकाश सोड" म्हणा. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा. गरम पेज निववतो तशी फुंकर. समईची ज्योत हलावी, विझू नये. ओठ आवळलेले असले की आतल्या नळ्या लवकर मिटत नाहीत.

खुर्चीत पुढे वाकवून कोपरं मांडीवर टेकवा, किंवा टेबलावर उशा ठेवून त्यावर हात आणि डोकं. पाखाडीच्या कडेला गडगा (दगडी कुंपण) असेल तर त्यावर कोपरं टेकून उभं राहू दे. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबून घ्यायचा, आणि धाप लागायच्या आधीच थांबायचं. वीज गेली तर हातपंख्याने नाका-गालांवर वारा घाला, खरंच हलकं वाटतं. सराव मात्र बरं असताना, रोज.

ओठ निळे पडले, बोलणं भरकटलं किंवा टेकून बसूनही धाप उतरेना, तर लगेच १०८.

मूळ प्रश्नकर्ता : ताई, पेजेचं म्हटल्यावर तिला लगेच उमगलं. आज गडग्याशी दोनदा थांबून वर आली, आल्यावर बोललीसुद्धा. रात्री उशा कशा लावू?

प्रतिसाद : नुसत्या मानेखाली नकोत. कमरेपासून डोक्यापर्यंत चढत्या लावा, कुशीवर, गुडघे जरा मुडपून.