स्कायरिम कोसळला की मॉड बंद करत सुटू नका, आधी क्रॅश लॉग उघडा

रानवेडा (धागाकर्ता)

"तीन-चारशे मॉड (खेळात चाहत्यांनी घातलेली भर) टाकलेत, स्कायरिम स्पेशल एडिशन खेळताना मध्येच डेस्कटॉपवर फेकला जातो, काय करू?" असं या व्हिडिओ गेमबद्दल कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. अर्धे मॉड बंद करा, खेळून बघा, मग उरलेल्यातले अर्धे बंद करा. हा सल्ला पहिला सल्ला म्हणून देणं आता थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक तर तो चालू सेव्हचं (साठवून ठेवलेल्या खेळाचं) नुकसान करतो. स्कायरिममधल्या मॉडच्या पॅपिरस स्क्रिप्ट (खेळाच्या स्वतःच्या भाषेतले छोटे प्रोग्राम) नुसत्या फोल्डरमध्ये पडून नसतात, त्यांची चालू अवस्था सेव्ह फाइलमध्ये लिहिली जाते. मॉड काढला तरी सेव्हमध्ये त्याच्या स्क्रिप्टची नोंद राहते आणि तिच्यामागची फाइल गायब झालेली असते. पुन्हा मॉड टाकला तर तो पहिल्या जागेवरून सुरू होईलच असं नाही. म्हणजे एक दोष शोधायला निघालेला माणूस प्रत्येक चाचणीत दुसरा दोष पेरत जातो. लोक रीसेव्हर नावाच्या साधनाने सेव्ह "साफ" करतात, पण ती शेवटची धडपड आहे, रोजचा उपाय नव्हे.

दुसरं म्हणजे आता क्रॅशचा लॉग, म्हणजे खेळ पडतानाची नोंद, मिळतो. जुन्या काळी खेळ बंद पडला की हातात काहीच नसायचं, तेव्हा आंधळेपणाने शोधण्याला पर्याय नव्हता. आज एसकेएसईसोबत (मॉडना खेळात जास्त काही करू देणारं पूरक साधन) क्रॅश लॉगर टाकला की डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये, स्कायरिमच्या एसकेएसई उपफोल्डरात, तारीख-वेळेसकट फाइल तयार होते. तिच्यात कोणत्या डीएलएलमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) खेळ पडला, त्या क्षणी रजिस्टर आणि स्टॅकमध्ये (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत) कोणत्या वस्तू होत्या, कोणती मेश (वस्तूचा आकार) किंवा टेक्स्चर (तिच्यावरचं चित्र) फाइल वाचली जात होती, हे बऱ्याचदा नावानिशी असतं. फॉर्म आयडी (खेळातल्या एका नोंदीचा क्रमांक) दिसला तर त्याचे पहिले दोन अंक लोड ऑर्डरमधली, म्हणजे प्लगिनच्या (मॉडच्या नोंदींच्या फाइलच्या) क्रमातली, जागा सांगतात. ते एफई असतील तर ते हलकं प्लगिन, मग पुढचे तीन अंक बघायचे. तोच आयडी एसएसईएडिटमध्ये (प्लगिनमधल्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) टाकला की त्या नोंदीला कोणकोणत्या मॉडने हात लावलाय आणि शेवटी कुणाची नोंद लागू झाली, हे एका नजरेत कळतं.

इतकं समोर असताना नवख्याला अर्धे-अर्धे करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

---

कृष्णाकाठ

असहमत. लॉगला तुम्ही त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मान देताय.

लॉग दाखवतो तो शेवटचा क्षण. एखादं सदोष डीएलएल आधीच कुठेतरी मेमरीत चुकीच्या जागी लिहून गेलेलं असतं आणि खेळ पडतो तो नंतर, भलत्याच निर्दोष कोडमध्ये. स्टॅकमध्ये आधीच्या कामांचा उरलासुरला कचराही असतो. नवखा माणूस तो उघडतो, त्याला केसांच्या हालचालीचं डीएलएल दिसतं, चार झाडांच्या मेश दिसतात, एका फॉलोअरचं (खेळातल्या सोबत्याचं) नाव दिसतं. तो ते सगळं काढून टाकतो. खेळ तरीही पडतो. आणि आता तुम्ही म्हणता तसं सेव्हही बिघडलंय, म्हणजे लॉग वाचूनही नुकसान तेच झालं.

अर्धे करत जाण्याच्या पद्धतीला कसलंच ज्ञान लागत नाही, हे तिचं मोठं बळ आहे. तीनशे प्लगिन असतील तर नऊ फेऱ्यांत आपण एकापर्यंत येतो. सेव्हची भीती असेल तर मॉड ऑर्गनायझरमध्ये (मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेगळं प्रोफाइल करा, त्याला स्वतंत्र सेव्ह ठेवायला सांगा. मुख्य मेनूतच कन्सोल (आदेश लिहायची जागा) उघडून सीओसी आदेशाने थेट रिव्हरवुड गावाला जा. खऱ्या सेव्हला हातही लागत नाही. मॉडही खऱ्या अर्थाने काढले जात नाहीत, कारण मॉड ऑर्गनायझर खेळाच्या फोल्डरात काही लिहीतच नाही, आभासी फाइल व्यवस्था उभी करतो.

---

निशाचर

कृष्णाकाठ, नऊ फेऱ्यांचा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण त्यात क्रॅश दर वेळी हमखास होतो असं गृहीत धरलंय. लोक ज्याने हैराण होतात तो क्रॅश तसा नसतो.

समजा, तासाभराच्या खेळात क्रॅश व्हायची शक्यता निम्मी आहे. अर्धे मॉड बंद केले, तासभर खेळलो, काही झालं नाही. यावरून काय कळलं? दोषी मॉड चालू असलेल्या अर्ध्यात असूनही तास निर्धोक जायची शक्यता पन्नास टक्के होतीच. ती सहा टक्क्यांवर आणायची तर चार तास क्रॅशविना जायला हवेत. हे एका फेरीचं झालं. नऊ फेऱ्या म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाचा महिना गेला, आणि एका फेरीत निष्कर्ष चुकला की पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात.

शिवाय दोन मॉडच्या भांडणातून होणारे क्रॅश घ्या. व्हाइटरन शहराच्या बाहेर एकाने नवीन घर बांधलं, दुसऱ्याने त्याच जागेची नॅव्हमेश (पात्रांनी कुठून चालायचं त्याचा नकाशा) पुसली. वेगवेगळे दोन्ही बिनबोभाट चालतात. अर्धे केले आणि दोघं वेगळ्या बाजूंना गेले, तर दोन्ही अर्धे निर्दोष ठरतात. अशा वेळी ही पद्धत उत्तरच देऊ शकत नाही. एसएसईएडिटमध्ये मात्र पुसलेली नॅव्हमेश सरळ दिसते.

आणि सीओसीने रिव्हरवुडला गेल्यावर मूळ कथेचे क्वेस्ट सुरूच झालेले नसतात. पन्नास तास खेळलेल्या सेव्हमध्ये जे घडतं ते तिथे घडेलच असं नाही.

---

कृष्णाकाठ

अधूनमधून होणाऱ्या क्रॅशबद्दलचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर वाद घालत नाही. पण मग सुरुवातीलाच होणाऱ्या क्रॅशचं काय? खेळ चालू केला, लोगो आला, मेनू यायच्या आत बंद. हा दर वेळी होतो, चाचणीला मिनिट लागतं आणि सेव्ह उघडलेलंच नसतं. इथे तुमचे तिन्ही आक्षेप गळून पडतात. नवख्यांच्या तक्रारीत हाच प्रकार भरपूर असतो, बहुतेकदा एखाद्या प्लगिनचा मास्टर (ते ज्यावर अवलंबून असतं ते प्लगिन) गायब असल्यामुळे. आणि खेळ इतका लवकर पडला की लॉगरला जाग यायच्या आधीच सगळं संपलेलं असतं, लॉगच तयार होत नाही. मेमरी अचानक संपली तेव्हाही तसंच. लॉग नाही म्हटल्यावर तुमच्या पद्धतीचा माणूस पुढे काय करणार, हे धाग्यात कुठेच नाही.

---

गच्चीवरचा

दोन्ही बाजू प्लगिनभोवती फिरताहेत. निम्म्या तक्रारी "लोड व्हायला फार वेळ लागतो आणि मग कधीतरी बंद पडतो" अशा असतात, आणि तिथे एकही मॉड "दोषी" नसतो. भार जास्त झालेला असतो, एवढंच.

हिशोब करून बघा. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. बीसी७ पद्धतीने दाबल्यावर पिक्सेलला एक बाइट, म्हणजे १६ एमबी, आणि मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून २१ एमबीच्या थोडं वर. त्याच वस्तूची नॉर्मल मॅपही (पृष्ठभागाचे उंचवटे भासवणारं चित्र) ४के असेल तर एका टेबलामागे त्रेचाळीस एमबीच्या आसपास. २के घेतलं तर हाच आकडा चौथाईवर येतो. आता ड्रॅगन्सरीच महालातल्या मेजवानीच्या टेबलावरच्या ताटल्या, चीज, मेणबत्त्या सगळ्यांना ४के लावून चार जीबी व्हीरॅमच्या (ग्राफिक्स कार्डच्या मेमरीच्या) लॅपटॉपवर खेळायचं म्हटलं तर काय होणार? व्हीरॅम भरली की उरलेलं मुख्य मेमरीत सांडतं, खेळ अडखळतो, दार उघडल्यावर लोडिंगचा पडदा हलत नाही. पर्वत आणि चिलखतं ४के ठेवा, बाकी २के किंवा १के. मॉनिटर १०८० पिक्सेलचा असेल तर ताटलीतला फरक डोळ्यांना दिसतही नाही.

पेज फाइलबद्दल (विंडोज रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवतं ती फाइल) तर कळकळीने सांगावंसं वाटतं. "एसएसडी खराब होते" म्हणून बरेच जण ती बंद करून ठेवतात. विंडोज प्रोग्रामांना जी मेमरी कबूल करतं तिची मर्यादा रॅम आणि पेज फाइल मिळून ठरते. सोळा जीबी रॅम आणि पेज फाइल शून्य, तर मर्यादा साधारण सोळा जीबीच. खेळ, ग्राफिक्स ड्रायव्हर, ब्राउझर मिळून तिथे पोचले की टास्क मॅनेजर रॅम शिल्लक दाखवत असतानाही खेळ पडतो. पेज फाइल वीस जीबीपर्यंत वाढू द्या, शक्यतो एसएसडीवर. यात एकही मॉड काढावा लागत नाही.

आणि फिरत्या हार्ड डिस्कवर लाखो सुट्या फाइल ठेवून लोडिंग जलद व्हावं अशी अपेक्षा ठेवू नये. एसएसडी घ्या. ते शक्य नसेल तर निदान मॉडचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

---

मुक्ता_वाचते

लॉग किंवा फेऱ्यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा : खेळाची आवृत्ती कोणती? "मी नवीन काहीच टाकलं नाही, तरी कालपासून पडतोय" ही तक्रार आली की उत्तर बहुतेकदा इथे असतं.

एसकेएसईची डीएलएल प्लगिन खेळाच्या एक्झी (मुख्य प्रोग्रामच्या) फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर बेतलेली असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत खेळ १.५.९७ वरून १.६ मालिकेत गेला. नव्या कंपायलरने बांधल्यामुळे पत्ते सगळे बदलले आणि जुनी डीएलएल एकजात निकामी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३० आली तेव्हा पुन्हा तीच धावपळ. त्या वेळी हलक्या प्लगिनची मर्यादाही वाढली, एका प्लगिनात २०४८ ऐवजी ४०९६ नोंदी. आता नव्या पद्धतीने बनवलेलं प्लगिन कुणी १.५.९७ वर तसंच चढवलं तर खेळ पडू शकतो. त्यासाठी बीज नावाचा छोटा मॉड लागतो, आणि तो लागतो हे मॉडच्या वर्णनात तळाशी कुठेतरी लिहिलेलं असतं. वर्णन वाचणारे थोडे.

ॲड्रेस लायब्ररी (डीएलएलना हे पत्ते पुरवणारा मॉड) आपल्या आवृत्तीची आहे का, एसकेएसई जुळतं का, आणि स्टीममध्ये "खेळ सुरू करतानाच अपडेट कर" हा पर्याय निवडलाय का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. तो पर्याय निवडून खेळ नेहमी एसकेएसईच्या लोडरमधूनच सुरू करायचा.

---

सह्यकडा

मला या सगळ्यावर मूलभूत आक्षेप आहे. वॅबाजॅकवर (मॉडची अख्खी यादी आपोआप बसवणाऱ्या साधनावर) तयार याद्या आहेत. कुणीतरी महिनोन् महिने खपून हजारभर मॉड एकमेकांशी जुळवलेत, पॅचेस केलेत, आवृत्ती पक्की केलीय. ज्याला खेळायचंय त्याने हे उतरवून घ्यावं आणि खेळावं. प्रत्येकाने एसएसईएडिट शिकावं ही अपेक्षाच चुकीची आहे. संध्याकाळी दोन तास मिळतात माणसाला.

---

रानवेडा (धागाकर्ता)

सह्यकडा, ज्याला तयार यादी जशीच्या तशी खेळायचीय त्याच्यासाठी तुमचं म्हणणं मान्य. पण जशीच्या तशी कुणी ठेवत नाही. एक आवडता फॉलोअर टाकतो, एक घर टाकतो, आणि यादी बनवणारा म्हणतो की बदल केलेल्या यादीला मदत मिळणार नाही. त्याचं बरोबरच आहे. तेव्हा तो माणूस हजार अनोळखी मॉडच्या मधोमध उभा असतो. स्वतः एकेक करून जमवलेल्या शंभर मॉडच्या मालकाला निदान परवा काय टाकलं ते ठाऊक असतं.

कृष्णाकाठ, मेनूच्या आधी पडत असेल तर अर्धे करत जा, माझी हरकत नाही. पण तिथेही पहिलं काम मॉड ऑर्गनायझरचा इशारा बघण्याचं. मास्टर नसलेल्या प्लगिनपुढे तो खूण दाखवतोच, एकही फेरी करावी लागत नाही. मेमरीच्या क्रॅशचं गच्चीवरचा यांनी सांगितलंच आहे. चालू सेव्हवर मॉड बंद-चालू करायला मात्र माझा विरोध कायम आहे.

"सेव्ह करप्ट झालंय" असा संदेश येतो म्हणून लोक शेकडो तासांचं पात्र टाकून देतात, हे मला सर्वांत जास्त लागतं. मूळ खेळ एका वेळी ५१२ फाइलच उघड्या ठेवू शकतो. प्लगिन फार झाले की ती मर्यादा संपते आणि धडधाकट सेव्हलाही तो करप्ट म्हणतो. इंजिन फिक्सेस हा मॉड ही मर्यादा २०४८ वर नेतो. त्याचे दोन भाग असतात. दुसरा भाग मॉड मॅनेजरमधून न टाकता हाताने, खेळाच्या मूळ फोल्डरात एक्झीशेजारी ठेवायचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो. सेव्ह पुसण्याआधी तो तिथे आहे का एवढं बघा.

---

कृष्णाकाठ

इंजिन फिक्सेसबद्दल पूर्ण सहमत. लॉगबद्दल अजूनही नाही. नवख्याने लॉग जरूर जोडावा, पण त्याचा अर्थ अनुभवी माणसाने लावावा. आणि जोडताना फक्त वरच्या चार ओळी नको. खालची डीएलएलची यादी आणि प्लगिनची यादी धरून पूर्ण फाइल हवी. एकाच ठिकाणी दोन-तीनदा पडला असेल तर दोन-तीन फाइल हव्यात. त्या सगळ्यांत एकच नाव पुन्हापुन्हा आलं, तरच त्या मॉडवर संशय घ्यायचा.