पार्किन्सनमध्ये बारीक झालेला आवाज : स्पीच थेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न (अमळनेर)
आप्पांच्या हातांचा कंप गोळ्यांनी आटोक्यात आहे. आवाज मात्र इतका बारीक व एकसुरी झाला आहे की कापसाच्या व्यापाऱ्याला फोनवर त्यांचे बोलणे कळत नाही. 'मी नीटच बोलतो, तुम्हालाच ऐकू येत नाही,' असे ते म्हणतात. स्पीच थेरपीने फरक पडेल का? मुंबई-पुण्याला वारंवार नेणे आम्हाला शक्य नाही.

उत्तर (स्पीच थेरपिस्ट, धुळे)
ताई, आप्पा हट्टाने तसे म्हणत नाहीत. या आजारात श्वास, स्वरयंत्र, जीभ व ओठ यांच्या हालचाली लहान होत जातात आणि स्वतःच्या आवाजाचा अंदाजही बिघडतो. त्यामुळे पुटपुटणे हेच त्यांना नेहमीचे बोलणे वाटते आणि पुरेशा आवाजात बोलायला लावले की आपण ओरडत आहोत असे वाटते. गोळ्यांचा गुण हातापायांना येतो तेवढा आवाजाला सहसा येत नाही.

यासाठी 'एलएसव्हीटी लाऊड' (ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट) ही मोठ्या आवाजात बोलायला शिकवणारी पद्धत आहे. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी एक तास, असे चार आठवडे शिकवले जाते, शिवाय घरी सराव असतो. दमदार 'आ' लांबवण्यापासून सुरुवात करून रोजची वाक्ये, वाचन आणि गप्पा असा क्रम चढत जातो. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीचा लाभ दिसला, परंतु तेथील नेहमीच्या, कमी वेळ दिल्या जाणाऱ्या थेरपीचा दिसला नाही. म्हणून अधूनमधून एखादी भेट घेण्याचा सल्ला मी देणार नाही. मात्र घसा ताणून ओरडणे नको. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

उत्तर (जळगाव)
माझ्या सासऱ्यांची थेरपी व्हिडिओ कॉलवर झाली. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आधी विचारून घ्या. सरावाची वाक्ये घरच्या अहिराणीतच ठेवा. 'काय करी ऱ्हायना?' (काय करतोय?) हे ते दिवसातून कितीदा तरी म्हणत, त्यामुळे सराव वेगळा उरला नाही. गोळीचा असर असताना बसवले की ते कमी थकत. घरात टीव्ही बंद ठेवून समोर बसून ऐकणे, हे आमचे काम होते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. त्यांना चहा पिताना ठसकाही लागतो; तो याच आजाराचा भाग असेल का?

उत्तर (स्पीच थेरपिस्ट, धुळे)
असू शकतो, आणि त्याकडे आवाजापेक्षाही आधी लक्ष द्यावे, कारण अन्नपाणी श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तोवर त्यांना ताठ बसवून, लहान घोट घेऊ द्यावेत आणि घोट गिळून होईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलू नये.