तांत्रिक विभागातून व्यवस्थापनाकडे जाताना: मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. मी नाशिकची रहिवासी असून इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकॉम शाखेची अभियंता आहे. गेली अकरा वर्षे एका मोबाइल कंपनीत नेटवर्कच्या देखभालीचे काम करते. इगतपुरी ते सुरगाणा या पट्ट्यातील टॉवर पावसाळ्यात वीज गेल्यावर कसे सांभाळायचे, हे मला पाठ झाले आहे. आता कंपनीने पुण्यात प्रादेशिक व्यवस्थापकाचे पद देऊ केले आहे. तेथे मात्र टॉवरचे भाडे, डिझेलचा खर्च, प्रतिग्राहक सरासरी महसूल आणि वार्षिक अंदाजपत्रक यांचा हिशेब मलाच द्यावा लागेल, आणि खरे सांगायचे तर ताळेबंद वाचताना मी अजूनही अडखळते.

पद्मश्री वॉरियर यांचे उदाहरण माझ्यासमोर आहे. आयआयटी दिल्लीतून रासायनिक अभियांत्रिकी शिकलेल्या या बाई १९८४ मध्ये मोटोरोलात रुजू झाल्या, २००३ मध्ये तेथील मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाल्या आणि पुढे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीतही त्यांनी तेच पद सांभाळले. मधली जवळजवळ दोन दशके मला अधिक महत्त्वाची वाटतात, कारण पद एका दिवसात मिळते, आवाका मात्र मिळत नाही.

असा बदल केलेल्या भगिनींनी कृपया सांगावे: नोकरी सांभाळून एमबीए करावे, की वित्तविषयक एखादा छोटा अभ्यासक्रम पुरेल? तांत्रिक कामापासून दूर गेल्यावर हाताखालच्या अभियंत्यांचा विश्वास कसा टिकवला? मुलगी यंदा दहावीला आहे, त्यामुळे पहिले वर्ष नाशिक-पुणे ये-जा झेपेल का, हेही कळवावे. कंपनीला महिनाअखेरीस उत्तर द्यायचे आहे.