छोट्या विहार-तलावाच्या बांधाची तपासणी कोणी करायची?

प्रश्न
आमच्या वसाहतीच्या मालकीच्या तलावाचा मातीचा बांध सुमारे सहा मीटर उंच आहे. नौकाविहार आणि गळाने मासे धरणे, एवढाच त्याचा उपयोग. गेल्या पावसाळ्यापासून बांधाच्या पायथ्याशी ओल कायम राहते, उतारावर मोठी झाडे वाढली आहेत आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावलेली आहे. इतक्या लहान बांधाला कोणताही कायदा लागू होत नाही, असे काही सभासद म्हणतात. ते मानून स्वस्थ बसावे काय?

पहिले उत्तर
बसू नये. धरण ‘मोठे’ ठरण्यासाठी साधारणपणे १५ मीटर उंचीची मर्यादा धरली जाते हे खरे; पण धोक्याची वर्गवारी बांध फुटल्यास पाण्याच्या वाटेत कोण येते यावरून होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण जेमतेम १२ मीटर उंचीचे होते आणि १९५७ मध्ये तिथली वीजनिर्मिती थांबल्यावर तलाव केवळ विहारासाठी उरला होता. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या परिसरातील ३९ जण दगावले. उताराचा काही भाग चार वर्षे आधीच घसरला होता. धरणांच्या तपासणीचा राज्य कायदा मात्र दुर्घटनेनंतर, १९७८ मध्ये झाला. सरकारी निरीक्षक येवो न येवो, देखभालीची पहिली जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमच्या संस्थेचीच आहे.

दुसरे उत्तर
मला जाळीची अधिक काळजी वाटते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ फोर्क या मातीच्या धरणाच्या सांडव्यातही एका क्लबने माशांसाठीच जाळ्या बसवल्या होत्या, गाडीरस्त्यासाठी माथा खाली आणला होता आणि आधीच्या मालकाने काढून टाकलेले विमोचक नळ (तलावातले पाणी तळातून सोडण्याचे नळ) पुन्हा बसवलेच नव्हते. ३१ मे १८८९ रोजी त्या जाळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि जॉन्सटाउन परिसरात २,२०० हून अधिक माणसे मेली. मातीच्या बांधावरून पाणी वाहणे म्हणजे बांध धुऊन जाणेच होय. मासे गेले तर पुन्हा सोडता येतात. जाळी आजच काढा.

प्रश्नकर्ता
जाळी काढतो. झाडेही लगेच तोडावीत काय?

पहिले उत्तर
घाईने नको. खोड कापून मुळे आत ठेवली तर ती कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. म्हणून मोठी झाडे अभियंत्याच्या देखरेखीखाली, तलावाची पातळी उतरवून, मुळांसकट काढून खड्डे थरांनी चोपून भरावे लागतात. तोवर ओलीवर लक्ष ठेवा. झिरपणारे पाणी स्वच्छ आणि दर आठवड्याला तेवढेच असेल तर त्याची मोजणी करून नोंद ठेवावी, पण ते गढूळ झाले किंवा एकाएकी वाढले तर बांधाच्या पोटातली माती वाहत आहे असे समजून विमोचक उघडावा आणि खालच्या लोकांना त्याच क्षणी हलवावे. विमोचकाची झडप फिरते का, हे मात्र आधीच पाहून ठेवा; वर्षानुवर्षे न हलवलेल्या झडपा बहुधा गंजून जाम झालेल्या असतात.