बारावीत जेईई, बोर्ड आणि सीईटीचं वेळापत्रक कसं बसवावं?

सांगलीची_आई
मुलगा आता अकरावी सायन्स संपवतोय. स्टेट बोर्ड, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). पुढच्या वर्षी जानेवारीत जेईई मेन (देशपातळीवरची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा), फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई आणि मग राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी. क्लासवाले म्हणतात, सगळं द्या. त्याला पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तरी आम्हाला आनंदच आहे, आयआयटीचा हट्ट नाही. जानेवारीची जेईई सोडून द्यावी का? ज्यांच्या घरात हे वर्ष होऊन गेलंय त्यांनी कृपया सांगा.

फिजिक्सवाले_सर
ताई, सीओईपी-व्हीजेटीआय हवं असेल तर त्याची मुख्य परीक्षा सीईटी. हे आत्ताच ठरवून टाका, म्हणजे वर्षभर ओढाताण होणार नाही.

दोन्ही परीक्षांना हात वेगळा लागतो. जेईईत ३ तासांत ७५ प्रश्न, आणि उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. फक्त जेईईचा सराव केलेली हुशार मुलं इथे एकेका गणितावर रेंगाळतात आणि शेवटचे सोपे प्रश्न बघायचेच राहून जातात. दरवर्षी बघतो, फार वाईट वाटतं. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के वेटेज आहे, तेव्हा या सुट्टीत अकरावी पक्की करून घ्या.

जानेवारीची जेईई द्यायला हरकत नाही. दोन्ही वेळा दिली तर चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे नुकसान काही नाही. अडचण प्रॅक्टिकलची आहे. २०२५ मध्ये जेईई २२ जानेवारीला सुरू झाली आणि बोर्डाचा पहिला लेखी पेपर ११ फेब्रुवारीला होता. प्रॅक्टिकल आणि तोंडी त्याच दिवसांत. जर्नल्स (प्रॅक्टिकलच्या वह्या) डिसेंबरमध्येच पूर्ण करून सह्या घेऊन ठेवा. जानेवारीत रात्री जागून आकृत्या काढणारी मुलं ना धड जेईई देतात, ना बोर्डाचा अभ्यास करतात.

आता_एफई
काकू, जानेवारीची नक्की द्या. स्क्रीनवर प्रश्न वाचायचा, रफ कागदावर सोडवायचा, वर उलटं चालणारं घड्याळ... सीईटीही कॉम्प्युटरवरच असते, त्यामुळे ही सवय कामी येते. एप्रिलची मात्र मी दिली नाही. बोर्ड संपल्यावर रोज एक पूर्ण सीईटी पेपर वेळ लावून सोडवला, त्याचा खूप फायदा झाला. आणि २०२६ पासून सीईटीही दोनदा ठेवली आहे, एप्रिल आणि मेमध्ये.

पालक_नाशिक
बोर्ड अगदीच सोडू नका. जेईईतून एनआयटीत (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) जायचं तर बारावीत ७५ टक्के लागतात (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. पुढे मुलाचं मन बदललं तर हे आठवेल.

दुसरं, कागदपत्रं. जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (जात पडताळणी), नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल त्याच्या मागे आत्तापासून लागा. जेईईला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, सीईटीला राज्याच्या. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव सारखं आहे ना, तेही बघा.

सांगलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. जर्नलचं तर कोणीच सांगितलं नव्हतं. सर, एक शेवटचं. पुस्तकं एनसीईआरटीची वापरावीत की बोर्डाची?

फिजिक्सवाले_सर
आधी बोर्डाची. सीईटीचा अभ्यासक्रम त्यावरच आहे आणि लेखी परीक्षाही त्याचीच. केमिस्ट्रीला एनसीईआरटी सोबत ठेवा, विशेषतः इनऑरगॅनिकला, जेईईसाठी तेवढी वाचावीच लागते. गणिताला दुसरं पुस्तक लगेच घेऊ नका, आधी बोर्डाच्या पुस्तकातली मिसलेनियस एक्सरसाइज सगळी सोडवू दे.