मदत हवी आहे: बादलीचा ड्रिंकर केलाय, पण दर दुसऱ्या दिवशी दुपारीच पाणी सांडतंय

नमस्कार मंडळी, जुन्नर भागात घरामागे २२ गावरान कोंबड्या आहेत. आधी परातीत पाणी ठेवायचो पण त्यात त्या पाय घालून उभ्या राहायच्या, माती, शीट सगळं त्यातच, दिवसातून चारदा परात धुवावी लागायची. म्हणून रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतली (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची, आठवडाभर धुऊन उन्हात ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वापरली), तळापासून ३ सेंमीवर एक भोक पाडलं आणि बादली मोठ्या कुंडीखालच्या प्लेटमध्ये ठेवली, प्लेटचा काठ ५ सेंमी आहे. भोकाला रबरी बूच लावायचं, बादली भरायची, झाकण घट्ट दाबायचं आणि मग बूच काढायचं. पाणी भोकाच्या वर आलं की आपोआप थांबतं, कोंबड्या प्यायल्या की परत तेवढंच येतं.

अडचण अशी की पहिल्या दिवशी एकदम व्यवस्थित चालतं. दुसऱ्या दिवशी बादली निम्मी झाली की दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान प्लेट काठोकाठ भरून पाणी बाहेर यायला लागतं, बाजूचं तूस भिजतं, चिखल होतो आणि मला सगळ्यात भीती त्या ओलीची आहे कारण मागच्या पावसाळ्यात ओल्या तुसामुळेच पिल्लांना रक्ती हगवण लागली होती आणि ७ पिल्लं गेली, ते परत बघवणार नाही.

काय काय करून झालंय ते सांगतो. झाकणाच्या कडेला एम-सील लावून पाहिलं, मग झाकणच नवीन आणलं. गवंड्याची लेव्हल लावून खालची फरशी सरळ केली. रात्री बादली निम्मी करून सकाळपर्यंत ठेवली तर थेंबभर पण सांडलं नाही!! म्हणजे झाकण हवा घेतंय म्हणावं तर रात्री का नाही घेत? आणखी एक, संध्याकाळी बघितलं तर प्लेटमधलं पाणी उलट कमी झालेलं असतं. कुणी असा ड्रिंकर केला असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
दादा, बादली दुपारी उन्हात येते का?

धागाकर्ता
हो ताई, पेरूच्या झाडाखाली आहे पण १२ नंतर सावली सरकते तिथली.

प्रतिसाद १
मग झाकणाचा दोष नाहीये, आतली हवा तापतेय. बादली निम्मी म्हणजे आत १० लिटर हवा. सकाळी २५ डिग्री आणि दुपारी ४० धरली तरी ती हवा अर्धा लिटर फुगते, शिवाय आत पाण्याची वाफ वाढते ती वेगळीच. तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती पाण्याला भोकातून ढकलते. भरलेल्या बादलीत हवाच नसते म्हणून पहिल्या दिवशी काही होत नाही. आणि रात्री गारच असतं त्यामुळे तुमची टेस्ट पास झाली. संध्याकाळी हवा परत आक्रसते आणि प्लेटमधलं पाणी आत ओढून घेते. हे लक्षात घ्या कारण ते कोंबड्यांनी चोच बुडवलेलं घाण पाणी आहे, बादलीच्या आत हात फिरवून बघा, बुळबुळीत लागेल.

उपाय सोपाय, दिवसभर सावली राहील अशी जागा द्या, वर ओलं गोणपाट टाका आणि दोन दिवस न थांबता रोज सकाळी धुऊन काठोकाठ भरा. उन्हाळ्यात एक कोंबडी अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिते, त्यामुळे २२ कोंबड्यांना तसंही रोज भरणंच बरं.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहेच, अजून एक बघा, कोंबड्या झाकणावर चढून बसतात का? आतली ओढ असल्यामुळे झाकण खाली खेचलेलं असतं, त्यावर दोन किलोचा कोंबडा उडी मारून बसला की झाकण दबतं आणि पाणी बाहेर येतं. आम्ही वर पत्र्याचा तुकडा तिरका बांधला, घसरतात म्हणून आता कोणी बसत नाही. आणि बादली विटेवर ठेवा, प्लेटचा काठ कोंबडीच्या पाठीएवढा आला की माती कमी उडते.

निपलवर (बादलीच्या तळाला बसवायची, चोचीने दाबली की थेंब थेंब पाणी देणारी छोटी तोटी) जायचं असेल तर मात्र झाकणाला बारीक भोक पाडायला विसरू नका. तिथे उलटं आहे, हवा आत गेली नाही तर थोड्या वेळाने पाणी येणंच बंद होतं आणि भर उन्हात आपल्या लक्षात येईपर्यंत कोंबड्या तहानलेल्या राहतात.

धागाकर्ता (५ दिवसांनी)
दोघांचे मनापासून आभार. आत हात घातला तर खरंच बुळबुळीत होतं, इतके दिवस तेच पाणी पाजत होतो याचं फार वाईट वाटलं. खराट्याने घासून बादली गोठ्याच्या उत्तर बाजूला हलवली, गोणपाट टाकलं, रोज सकाळी भरतोय. चार दिवस तूस कोरडं आहे. कोंबडा चढतो झाकणावर, तेही खरं निघालं, रविवारी पत्रा बांधतो.

आता निपलचं विचारायचं होतं. वर्षभराच्या कोंबड्या चोचीने निपल दाबायला शिकतात का, आणि तोपर्यंत ही प्लेट शेजारी ठेवायची की काढून घ्यायची?