सदोष निघालेली वापरलेली गाडी डीलरला परत कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. अलीकडेच मी एका डीलरकडून वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. खरेदीपूर्वी डीलरने ती थोडाच वेळ चालवू दिली होती आणि त्या वेळी काहीही वावगे जाणवले नाही. परंतु लांबच्या प्रवासात गिअरबॉक्स तापला की गिअर बदलताना जोराचा हिसका बसतो, हे गाडी घरी आणल्यावर लगेच लक्षात आले आणि पाठोपाठ डॅशबोर्डवरचा इंजिनाचा इशारा-दिवाही लागला. जाहिरातीत 'इंजिन व गिअरबॉक्स उत्तम स्थितीत' असे स्पष्ट लिहिलेले होते. आता मात्र डीलर म्हणतो की जुन्या गाडीत एवढे चालायचेच. फार तर गिअरबॉक्सचे तेल बदलून देतो. पावतीवर 'आहे त्या स्थितीत विक्री' अशी ओळ आहे, तिच्याकडेही तो बोट दाखवतो.

मला दुरुस्ती नको आहे, गाडी परत करून पैसे हवे आहेत. त्या एका ओळीमुळे माझा हक्क संपतो का? दुरुस्तीला होकार दिला तर गाडी नाकारण्याचा मार्ग बंद होतो का? गाडीवर कर्जही आहे.

प्रतिसाद १

आपण कोणत्या देशात गाडी घेतली हे लिहिलेले नाही आणि उत्तर बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेली सदोष वस्तू, मग ती वापरलेली का असेना, पहिल्या ३० दिवसांत नाकारून पूर्ण रक्कम मागता येते. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते आणि ती फसली तर पुन्हा नाकारण्याचा हक्क मिळतो. मात्र या टप्प्यावर, मोटारीच्या बाबतीत, झालेल्या वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. युरोपीय संघात विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षांची असते. वापरलेल्या वस्तूंसाठी ती कराराने कमी करण्याची मुभा सदस्य देशांना आहे, पण एका वर्षाहून कमी नाही. अमेरिकेत चित्र बरेच वेगळे आहे. तेथे डीलरला गाडीवर खरेदीदारासाठीचा माहितीफलक लावावा लागतो आणि त्यावर 'आहे त्या स्थितीत' हा पर्याय निवडलेला असेल, तर बहुतेक राज्यांत वॉरंटीच्या आधारे फारसे काही मागता येत नाही. खोट्या विधानाचा मुद्दा तेवढा शिल्लक राहतो.

भारतात दिवसांची अशी ठरावीक मुदत नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० नुसार, नाकारत असल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे वस्तू स्वतःजवळ ठेवली तर ती स्वीकारली असे मानले जाते. म्हणूनच माझा आग्रह आहे की आजच लेखी कळवा. तोंडी तक्रारीत 'दुरुस्त करून द्या' आणि 'परत घ्या' यांची सरमिसळ होते आणि नेमका त्याचाच फायदा डीलर घेतो. पत्रात दोष, तो प्रथम जाणवल्याची तारीख, जाहिरातीतले वाक्य आणि 'मी ही गाडी नाकारत आहे व पूर्ण रक्कम परत मागत आहे' हे विधान, एवढे पुरे; राग व्यक्त करण्याची गरज नाही. त्याच कायद्याच्या कलम ४३ नुसार, वेगळा करार नसेल तर, नाकारलेली वस्तू विक्रेत्याकडे पोहोचवण्याची सक्तीही खरेदीदारावर नाही, कळवणे पुरेसे आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहता तेथील आयोगातही तक्रार करता येते.

पावतीवरच्या ओळीबद्दल माझे मत ठाम आहे: 'गिअरबॉक्स उत्तम' असे जाहिरातीत सांगायचे आणि पावतीवर हात झटकायचे, हे बहुतेक ठिकाणच्या कायद्याला मान्य होणारे नाही.

प्रतिसाद २

मी गाड्यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून पुराव्यापुरते लिहितो. कृपया डीलरला तेल बदलू देऊ नका, निदान तपासणी होईपर्यंत तरी नाही. तापल्यावर हिसके देणाऱ्या गिअरबॉक्सचे जुने तेल हाच मोठा पुरावा असतो: जळकट वास, काळपट रंग, धातूचा चुरा. नवे तेल भरल्यावर हिसका काही काळ कमी होऊ शकतो आणि मग दोष सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या आणि एरर कोड पुसू न देता छापील अहवाल मागा. अनेक गाड्यांचा संगणक आधीचे कोड पुसल्यानंतर गाडी किती अंतर चालली हेही नोंदवून ठेवतो. हे अंतर आणि आपण गाडी ताब्यात घेतल्यापासून चाललेले अंतर जवळपास सारखे निघाले, तर विक्रीच्या तोंडावर कोड पुसले गेले होते असे म्हणायला सबळ आधार मिळतो. अर्थात बॅटरी काढल्यामुळेही ही नोंद शून्यावर येऊ शकते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. गाडी पूर्ण तापवून, मेकॅनिकला शेजारी बसवून चालवा आणि कोणत्या स्थितीत दोष दिसतो हे त्याच्याकडून लेखी घ्या. ताब्यात घेतानाचे ओडोमीटरचे आकडे कागदावर असतील तर तो कागद जपा. एवढे झाले की गाडी उभी करून ठेवा, कारण दोष माहीत असूनही वापर चालू राहिला तर 'मग ती चांगलीच होती' हा युक्तिवाद समोरून येणारच.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खरेदी भारतातलीच आहे. नकाराचे पत्र आजच पाठवतो. कर्ज आणि नोंदणी यांचे काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

हप्ते थांबवू नका. डीलरशी वाद असला तरी कर्जाचा करार स्वतंत्र असतो आणि थकबाकीची नोंद आपल्याच नावावर होते. कर्ज देणाऱ्या संस्थेला नकाराच्या पत्राची प्रत द्या. परतफेडीच्या वेळी रक्कम आधी त्यांच्याकडे जाऊन बोजा उतरला पाहिजे.

नोंदणीबाबत विशेष सावध राहा. डीलर 'गाडी ठेवून जा, पैसे नंतर देतो' असे म्हणाला तर पोहोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका, कारण नोंदणीपुस्तकात आपले नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. गाडी पुढे विकली गेली असली तरी नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असा निर्णय २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. म्हणून पैसे, गाडी आणि हस्तांतराचे सही केलेले अर्ज यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत व्हावी, आणि नाव प्रत्यक्षात बदलल्याची खात्री होईपर्यंत विमा चालू ठेवावा.